क्रुसेडच्या गोष्टीला बाजू किती?

'फिरंगी' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांना चिकटलेला आहे. शिवकाळातल्या कागदपत्रांत गोव्याचे फिरंगी जागोजाग भेटतात आणि युरोपी पात्याच्या सरळ तलवारीचं तर नावच 'फिरंग' पडलं. पण पोर्तुगीज गोव्यात उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द प्रवास करत होता. पश्चिम युरोपातल्या लोकांना अरबीत 'इफ्रंज' किंवा 'फरंज' म्हणत, म्हणजे फ्रँक लोक. फारसीत त्याचा 'फरंग' झाला आणि फारसीचं बोट धरून तो आपल्या भाषेत आला. हे फरंज अरबी इतिहासकारांच्या पानांवर ठळकपणे दिसू लागतात ते अकराव्या शतकाच्या शेवटी, खांद्यावर कापडाचा क्रूस शिवून ते जेरुसलेमच्या वाटेला लागले तेव्हापासून. त्या मोहिमांनाच आज आपण क्रुसेड म्हणतो.

क्रुसेडबद्दल मराठीत वाचायला गेलं की साधारण दोन गोष्टी हाती लागतात. पहिलीत रानटी, अडाणी युरोप सुखाने नांदणाऱ्या सुसंस्कृत मुस्लिम जगावर लुटीसाठी तुटून पडतो. दुसरीत चारशे वर्षं मार खाल्लेला ख्रिस्ती युरोप अखेर प्रत्युत्तर देतो. दोन्ही गोष्टी फोनवर फिरतात आणि दोन्हींत खरे तपशील असतात, म्हणूनच त्या पटतात. माझा आक्षेप त्या तपशिलांवर नाही, मांडणीवर आहे. क्रुसेडला दोनच बाजू होत्या, हे गृहीतच मला मान्य नाही. पश्चिम युरोपातले लॅटिन ख्रिस्ती, कॉन्स्टँटिनोपलहून राज्य करणारे बायझंटाईन ग्रीक, आर्मेनियन आणि सिरियन ख्रिस्ती, सुन्नी तुर्क, इजिप्तचे शिया फातिमी, आणि या सगळ्यांच्या मधे सापडलेले ज्यू, इतक्या लोकांनी हा काळ भोगला आणि आपापल्या भाषेत लिहून ठेवला. समतोल साधायचा तर निदान एवढ्या जणांचं ऐकून घ्यावं लागतं.

आधी शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत क्रुसेडला सरसकट 'धर्मयुद्ध' म्हणतात आणि तिथेच थोडी दिशाभूल होते. आपल्या कानाला धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेलं युद्ध: सूर्यास्तानंतर शस्त्र ठेवायचं, निःशस्त्रावर वार करायचा नाही. क्रुसेडचा अर्थ वेगळा होता. तिथे युद्ध हेच प्रायश्चित्त होतं. निघणारे लोक स्वतःच्या मोहिमेला यात्राच म्हणत. यात्रेकरूसारखा संकल्प सोडायचा, क्रूस शिवून घ्यायचा आणि निघायचं. १०९५ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप दुसरा अर्बन याने धर्मसभा भरवली. तिच्या ठरावाचा आशय असा होता की मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीपोटी जो जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जाईल, त्याचा प्रवास हेच त्याचं सगळं प्रायश्चित्त धरलं जाईल. तलवार चालवण्यात हयात गेलेल्या आणि नरकाला मनापासून भिणाऱ्या सरदाराला हे शब्द कसे लागले असतील? आपल्या पेशातूनच त्याला पापमुक्तीची वाट सांगितली जात होती. ही भीती खरी होती, हे धरल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

क्लेरमाँला पोप नेमकं काय बोलला? भाषणाची मूळ नोंद उरलेली नाही. जी वर्णनं आहेत ती नंतर लिहिलेली आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. शार्त्रचा फुल्शर हा बखरकार पाद्री लिहितो की पोपने पूर्वेकडच्या ख्रिस्ती बांधवांना तुर्कांविरुद्ध मदत करायला सांगितलं. त्याने दिलेल्या भाषणात जेरुसलेमचं नावही नाही. रॉबर्ट नावाच्या मठवाशाने काही वर्षांनी लिहिलेल्या भाषणात मात्र जेरुसलेम आहे, शत्रूच्या क्रौर्याची भडक वर्णनं आहेत आणि श्रोत्यांची 'देवाची इच्छा' ही आरोळीही आहे. तोवर जेरुसलेम जिंकून झालं होतं, त्यामुळे रॉबर्टला गोष्टीचा शेवट माहीत होता. पोपने फ्लँडर्सच्या लोकांना पाठवलेलं पत्र उरलं आहे आणि त्यात पवित्र नगरीचा उल्लेख येतो, म्हणजे जेरुसलेम त्याच्या मनात होतं हे नक्की. पण 'पोप असं म्हणाला' असं अवतरण कुठे दिसलं, तर ते कुणाच्या वहीतलं आहे हे आधी विचारावं.

आता 'प्रत्युत्तर' या मुद्द्याकडे. जेरुसलेम मुस्लिम सत्तेखाली आलं ते खलिफा उमर यांच्या काळात, ६३८ च्या सुमारास. क्लेरमाँच्या सभेला तोवर साडेचारशे वर्षं होऊन गेली होती. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम याने येशूच्या कबरीवरचं चर्च पाडलं, हेही खरं. पण पुढच्या काही दशकांत फातिमी आणि बायझंटाईन दरबारांत समझोता झाला आणि ते चर्च पुन्हा उभं राहिलं. १०६४-६५ साली जर्मनीतून मोठी यात्रा निघाली. वाटेत लुटारूंनी तिला गाठलं, तेव्हा तिच्या मदतीला रामल्याचा फातिमी अधिकारीच धावून आला. तात्कालिक कारण वेगळं होतं. १०७१ मध्ये मँझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाईन सम्राटाला हरवलं आणि पुढच्या काही वर्षांत अनातोलियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा, मोठा प्रदेश गेला. सम्राट अलेक्सियस कोम्निनोस याने १०९५ च्या मार्चमध्ये पियाचेंझाच्या धर्मसभेकडे वकील पाठवून सैन्य मागितलं. त्याला हवे होते भाडोत्री सैनिक. त्याच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या यात्रेच्या संकल्पाने निघालेल्या अवाढव्य फौजा, ज्यांच्यावर त्याचा हुकूम चालणार नव्हता. त्याची मुलगी ॲना हिने पुढे बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला. त्यात या पाहुण्यांबद्दलचा संशय ओळीओळीतून जाणवतो.

म्हणजे 'प्रत्युत्तर' ही कल्पना निराधार नाही. अनातोलियात खरंच आक्रमण झालं होतं. फक्त ज्यांच्याविरुद्ध हाक मारली ते आणि ज्यांच्यावर शेवटी घाव पडला ते एक नव्हते. १०९८ मध्ये फातिमींनी जेरुसलेम तुर्कांच्या हातून काढून घेतलं होतं. फरंज तिथे पोचले तेव्हा तटावर इजिप्तच्या शिया खलिफाचे लोक उभे होते.

आणि लुटीचा हव्यास? तोही होता, पण शाळेत शिकवलं जातं तितकं ते सोपं नाही. 'जमीन न मिळालेले धाकटे मुलगे नशीब काढायला गेले' हे स्पष्टीकरण बराच काळ चाललं. पण जाणं भयंकर महाग होतं. नॉर्मंडीच्या रॉबर्टने आपली सगळी जहागीर १०,००० मार्क चांदीला सख्ख्या भावाकडे गहाण टाकली. बुइयाँच्या गॉडफ्रीने आपल्या किल्ल्यावर लिएजच्या बिशपकडून पैसे उभे केले. वाचलेले बहुतेक सरदार परत घरी गेले, तेही बरेचसे रिकाम्या हाताने. दुसरीकडे बोहेमंड या सरदाराने अँटिऑक शहर बळकावलं आणि ते सम्राटाला परत केलं नाही. गॉडफ्रीचा भाऊ बॉल्डविन एडेसाच्या आर्मेनियन शासकाचा दत्तक मुलगा झाला. थोड्याच दिवसांत जमावाने त्या शासकाला ठार केलं आणि गादीवर बॉल्डविन बसला. एडेसातल्या ख्रिस्ती लोकांनी ज्यांना तारणहार म्हणून दार उघडलं होतं, त्यांच्याच कारभाराची कहाणी पुढे आर्मेनियन इतिहासकार कडवटपणे लिहितात. भक्ती आणि हाव एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी राहू शकतात.

या मोहिमेचे पहिले बळी मुस्लिम नव्हते. १०९६ च्या उन्हाळ्यात ऱ्हाईन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स आणि माईन्झ या शहरांत ज्यू वस्त्यांवर क्रुसेडला निघालेल्या टोळ्या तुटून पडल्या. दूरच्या शत्रूकडे जायचं तर येशूला मारणाऱ्यांचे वंशज इथेच का सोडायचे, असा त्यांचा तर्क होता. श्पायरच्या बिशपने बहुतेकांना वाचवलं. माईन्झच्या आर्चबिशपने आसरा दिला, पण तो टिकला नाही. जबरदस्तीचा बाप्तिस्मा टाळण्यासाठी आईबापांनी स्वतःच्या हाताने मुलांना मारल्याची वर्णनं हिब्रू बखरींत आहेत. ती एका बैठकीत वाचून होत नाहीत. दोन बाजूंच्या मांडणीत हे लोक कुठेच बसत नाहीत आणि मला वाटतं म्हणूनच ते इतक्या वेळा गाळले जातात.

मुस्लिम जगाला सुरुवातीला हे काय चाललंय याचा अंदाजच आला नाही. १०९२ मध्ये सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला, पाठोपाठ सुलतान मलिकशाह गेला आणि वारसांत भांडणं जुंपली. दमास्कस आणि अलेप्पोचे सत्ताधीश सख्खे भाऊ होते आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. आलेली फौज बायझंटाईनांची नेहमीची चढाई असावी, असा अनेकांचा समज झाला. दमास्कसचा अस-सुलमी हा विद्वान ११०५ मध्येच ओरडून सांगत होता की हे प्रकरण निराळं आहे, याला सिसिली आणि स्पेनमधल्या घडामोडींशी जोडून पाहा आणि आपल्या फुटीमुळेच हे जिंकतायत हे समजून घ्या. ऐकणारे थोडे होते. ११०८ मध्ये तर अशी लढाई झाली की दोन्ही बाजूंना मुस्लिम आणि ख्रिस्ती खांद्याला खांदा लावून उभे होते: अलेप्पोचा रिदवान आणि अँटिऑकचा टँक्रेड एकीकडे, मोसुलहून आलेला जावली आणि एडेसाचा बॉल्डविन (गॉडफ्रीचा भाऊ नव्हे, त्याच्यानंतर तिथे आलेला त्याच नावाचा सरदार) दुसरीकडे.

आता १५ जुलै १०९९. इथे थोडं थांबायला हवं, कारण समतोल म्हणजे नक्की काय हे या एका दिवसावर तपासता येतं.

त्या दिवशी फरंज जेरुसलेमच्या तटावरून आत घुसले आणि कत्तल झाली. याबद्दल वाद नाही, मारणाऱ्यांच्याच लोकांनी ते अभिमानाने लिहिलं आहे. रेमंड ऑफ अगिलेर हा पाद्री तिथे हजर होता. तो लिहितो की सॉलोमनच्या मंदिरात, म्हणजे अल-अक्सा मशिदीत, रक्त घोडेस्वारांच्या गुडघ्यांपर्यंत आणि घोड्यांच्या लगामांपर्यंत पोचलं होतं. हे वाक्य आजही शब्दशः सांगितलं जातं. पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकात देवाच्या कोपाचं वर्णन येतं आणि त्यातही रक्त घोड्यांच्या लगामांपर्यंत चढतं. रेमंड त्याच ओळीची आठवण करून देतो आहे. आपल्या विजयात भविष्यवाणी खरी झाली, असं त्याला म्हणायचं आहे. त्याच्या वाचकांना ते लगेच कळलं असणार.

मेलेले किती? फुल्शर सांगतो की एकट्या त्या मंदिरात दहा हजारांच्या आसपास लोक कापले गेले. पण तो त्या दिवशी शहरात नव्हता, काही महिन्यांनी आला. अरबी इतिहासकार इब्न अल-अथीर ७०,००० हून जास्त लिहितो. तो जन्मला घटनेनंतर साठ वर्षांनी आणि त्या शहरात तेवढी माणसं असणंच कठीण. अंदलुसियाचा विद्वान इब्न अल-अरबी मात्र त्याच दशकात त्या भागात राहून गेला होता आणि तो ३,००० चा आकडा देतो. आजचे बरेच अभ्यासक याच आकड्याच्या आसपास थांबतात.

सगळे मारले गेले, हेही खरं नाही. फातिमी सुभेदार आणि त्याची शिबंदी बुरुजात कोंडून बसली होती, त्यांना तुलूझच्या रेमंड या सरदाराने वचन देऊन अस्कलानला जाऊ दिलं. ज्यूंना सिनेगॉगमध्ये कोंडून जाळल्याचं दमास्कसचा इब्न अल-कलानिसी लिहितो. पण कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगच्या अडगळीच्या खोलीत, जिला गेनिझा म्हणतात, शेकडो वर्षं पडून असलेल्या कागदांत अस्कलानच्या ज्यू वडीलधाऱ्यांचं पत्र सापडलं. कत्तलीनंतर वर्षभराच्या आतबाहेर लिहिलेलं. त्यात हिशेब आहे: किती कैदी पैसे भरून सोडवले, किती अजून फरंजांच्या ताब्यात आहेत, कर्ज किती झालं, इजिप्तच्या बांधवांनी आणखी मदत पाठवावी. माणसांबरोबर पोथ्याही सोडवून आणल्या जात होत्या. पुढे अलेप्पो पोथी म्हणून प्रसिद्ध झालेली हिब्रू बायबलची अतिशय मोलाची प्रत त्याच खंडणीने वाचली आणि इजिप्तला पोचली.

७०,००० ऐवजी ३,००० म्हटलं की काही जण चिडतात, जणू कुणाची बाजू घेतली. मला ते तसं वाटत नाही. छोट्याशा शहरात दोन-तीन दिवसांत मारलेली ३,००० माणसं ही कत्तलच आहे. आकडा खाली आला म्हणून गुन्हा खाली येत नाही. उलट फुगवलेला आकडा कुणी खोडून काढला की सगळी घटनाच खोटी ठरवायला जागा मिळते. त्या काळी शरण न आलेलं शहर तलवारीने घेतलं तर आतल्यांना अभय नसे, असंही सांगितलं जातं. ते बरोबर आहे आणि त्याने घटना समजायला मदत होते. माफी द्यायला मात्र ते पुरत नाही, कारण त्याच काळचे लोक त्या दिवशी हादरले होते. निर्वासितांबरोबर दमास्कसचा काझी बगदादच्या दरबारात रडत पोचला, ते काही नेहमीचंच घडलं म्हणून नव्हे.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षं फरंज तिथे राहिले आणि राहणं म्हटलं की शेजार आला. शैझरचा सरदार उसामा इब्न मुन्किध १०९५ मध्येच जन्मला, क्लेरमाँच्या सभेच्या वर्षी. म्हातारपणी त्याने आठवणी सांगितल्या. जेरुसलेमला गेला की टेम्पलर, म्हणजे मठवाशांसारखी व्रतं घेऊन लढणाऱ्या संघाचे सरदार, त्याला नमाजासाठी जागा मोकळी करून देत. एकदा युरोपातून नुकत्याच आलेल्या एकाने त्याला धरून ख्रिस्ती प्रार्थनेच्या दिशेला, पूर्वेकडे वळवलं, तेव्हा टेम्पलरांनीच त्या माणसाला बाजूला ओढलं आणि उसामाची माफी मागितली. हाच उसामा फरंजांना प्रत्येक वेळी शाप देऊन मगच पुढची ओळ सांगतो. त्यांच्या एका वैद्याने पायाचं गळू कुऱ्हाडीने पाय तोडून 'बरं' केल्याचा किस्सा त्याचाच. आणि लगेच पुढे, त्यांचे कोणते उपाय खरंच लागू पडले, हेही तो सांगतो.

११८४ मध्ये स्पेनचा मुस्लिम यात्रेकरू इब्न जुबैर दमास्कसहून फरंजांच्या ताब्यातल्या अक्का बंदराकडे निघाला. त्या वेळी सलाहुद्दीन करकच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता, तरी दोन्हीकडचे व्यापारी तांडे निर्धास्त ये-जा करत होते, याचं त्याला नवल वाटलं. अक्क्याच्या जकात नाक्यावर ख्रिस्ती कारकून बसलेले, समोर सोन्याने मढवलेल्या आबनुसाच्या दौती, लिहिणं अरबीत आणि बोलणंही अरबीत. वाटेत तिबनीनजवळच्या गावांतले मुस्लिम शेतकरी त्याने पाहिले. फरंज मालकाला अर्धं पीक आणि माणशी एक दिनार पाच किरात एवढं दिलं की घरदार त्यांच्याच ताब्यात राही. पलीकडे मुस्लिम जमीनदारांखालची आपली भावंडं जास्त पिचलेली आहेत हे बघून इथल्यांची मनं डळमळतील, याचं त्याला दुःख झालं. आणि याच माणसाने साखळदंडात राबणारे मुस्लिम कैदी, पायांत लोखंडी कडी घातलेल्या बायका पाहिल्या आणि त्याचं काळीज फाटलं. कुणाला सहजीवन सिद्ध करायचं असेल तर तो पहिला उतारा देतो, कुणाला अत्याचार सिद्ध करायचा असेल तर दुसरा. इब्न जुबैरने दोन्ही एकाच प्रवासात लिहिलं.

सलाहुद्दीनचंही असंच. तिक्रितला जन्मलेला हा कुर्द सरदार. ११८७ च्या जुलैत हत्तीनला त्याने फरंजांचं सैन्य बुडवलं आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम घेतलं. १०९९ ची परतफेड झाली नाही. पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच अशी खंडणी ठरली आणि लोक बाहेर पडले. बऱ्याच गरिबांना त्याने तसंच सोडलं. ही उदारता खरी होती. पण आत अडकलेल्या इबेलिनच्या बालियानने आधी धमकी दिली होती की अभय नसेल तर मुस्लिम कैदी मारू आणि पवित्र घुमट पाडू. ज्यांना पैसे भरता आले नाहीत असे हजारो लोक गुलाम झाले. हत्तीननंतर पकडलेल्या टेम्पलर आणि त्यांच्यासारख्याच हॉस्पिटलर संघाच्या सरदारांची डोकी सलाहुद्दीनने आपल्यासमोर उडवायला लावली आणि त्याचाच चिटणीस इमादुद्दीन ते कौतुकाने लिहितो. ११८७ च्या आधीची कितीतरी वर्षं त्याने मुस्लिम प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यात घालवली. ११९१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्डने अक्क्यापुढे सुमारे २,७०० कैदी कापले, आणि पुढच्याच वर्षी या दोघांत तह होऊन ख्रिस्ती यात्रेकरूंना जेरुसलेमची वाट मोकळी झाली.

ग्रीक ऑर्थोडॉक्स माणसाला क्रुसेड म्हटलं की १०९९ आठवत नाही, १२०४ आठवतं. चौथ्या मोहिमेसाठी व्हेनिसने ३३,५०० माणसांची जहाजं ८५,००० मार्क चांदीला बांधून दिली. आली त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच माणसं. कर्ज फेडण्यासाठी आधी झारा हे ख्रिस्ती शहर लुटलं, मग कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्राच्या वचनांमागे लागून ती फौज तिथे पोचली, आणि १२०४ च्या एप्रिलमध्ये जगातलं सगळ्यात श्रीमंत ख्रिस्ती शहर ख्रिस्ती सैन्यानेच धुऊन नेलं. पोपने झाराला मनाई केली होती, ती कुणी जुमानली नाही. त्याआधी, ११८२ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या जमावाने तिथल्या लॅटिन वस्तीची कत्तल केली होती, हेही त्या वैराच्या खात्यावर आहे. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे अथेन्सला गेले तेव्हा त्यांनी या लुटीबद्दल देवाकडे क्षमा मागितली. तेव्हा आठशे वर्षं होत आली होती, तरी ग्रीसमध्ये ते शब्द कानात प्राण आणून ऐकले गेले.

१२९१ मध्ये इजिप्तच्या ममलुक सुलतानांनी अक्का घेतलं आणि फरंजांचं तिथलं राज्य संपलं. पण क्रुसेडची ऊर्मी संपली नाही. टेम्पलरांचा संघ बरखास्त झाल्यावर पोर्तुगालमध्ये त्यांच्या मालमत्तेवर १३१९ मध्ये ऑर्डर ऑफ क्राइस्ट उभा राहिला, आणि त्याच संघाचा लाल क्रूस शिडांवर घेऊन पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला आणि तिथल्या मुस्लिमांची कत्तल केल्याचं राजाला धन्यता वाटून कळवलं. त्या पत्राचा सूर ओळखीचा वाटतो.

आज क्रुसेडचं जे चित्र डोक्यात आहे ते बरंचसं एकोणिसाव्या शतकात रंगलं. फ्रान्सने व्हर्सायच्या राजवाड्यात क्रुसेडची दालनं सजवली, कारण अल्जीरियात फौजा उतरलेल्या होत्या आणि पूर्वजांचा दाखला हवा होता. १८९८ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म दमास्कसला जाऊन सलाहुद्दीनच्या कबरीवर पुष्पचक्र वाहून आला. पुढच्याच वर्षी क्रुसेडवरचा पहिला आधुनिक अरबी इतिहास निघाला. 'क्रुसाची युद्धं' हा अरबी शब्दप्रयोगसुद्धा त्याच शतकात रुळला. त्याआधी अरबी लेखकांना ती फक्त फरंजांची युद्धं होती. विस्मरणात गेलेलं सगळंच होतं असं नाही, पण वसाहतींच्या काळाने त्यावर नवा रंग चढवला, युरोपात अभिमानाचा आणि अरब देशांत जखमेचा.

जेरुसलेमला येशूच्या कबरीच्या चर्चमध्ये सेंट हेलेनाच्या तळघराकडे उतरणाऱ्या जिन्याच्या भिंती छोट्या छोट्या कोरलेल्या क्रुसांनी भरून गेल्या आहेत, एकाशेजारी एक, ओळीने. कितीतरी पिढ्या वाटाडे सांगत आले की आत शिरलेल्या क्रुसेडरांनी तलवारीच्या टोकाने ते कोरले. काही वर्षांपूर्वी इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याच्या अभ्यासकांनी त्यांची त्रिमितीय छायाचित्रं घेऊन खोली, कोन आणि हाताचं वळण तपासलं. बरेच क्रूस मोजक्याच कारागिरांच्या हातचे निघाले आणि काळ निघाला पंधराव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे शेवटचा फरंज जहाजावर चढून गेल्यानंतरचा. अभ्यासकांचा अंदाज असा की दूरदेशीचे यात्रेकरू येत, तिथल्या पाथरवटाला थोडे पैसे देत आणि आपल्या घरच्या माणसाच्या नावाने भिंतीवर एक क्रूस कोरून घेत.